वहीत नसलेल्या तीन गाठी

मी वही ठेवणारी बाई आहे. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या अंगणवाडीत पोरांची वजनं, उंच्या, दंडाचे घेर आणि लसीचे दिवस लिहिता लिहिता हाताला सवय लागली, आणि ती घरातही उतरली. सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, कोणाच्या लग्नाला कोण गेलं होतं, सगळं लिहिलेलं असतं. नवरा म्हणतो, "तुझी वही हरवली तर या घरात कोण कोण राहते तेही सांगता येणार नाही." हसतो, आणि गाडीचे कागद सापडेनासे झाले की माझ्याकडेच येतो.

मायसाठी मी वेगळी वही काढली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

कॅन्सरमुळे मायचा उजवा स्तन काढून तेव्हा तीन वर्षं झाली होती. शस्त्रक्रिया झाली, सलाईनमधून औषधं झाली, किरणांचा शेक झाला. गेलेले केस परत आले. मग टाक्यांच्या जुन्या रेषेवर एक दाणा उठला, तुरीएवढा. मग शेजारी दुसरा. काही महिन्यांत त्यातला एक फुटला आणि वाहायला लागला. आणि वाहायला लागल्याबरोबर वास सुटला.

वासाबद्दल लोक लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तो खोलीत आधी शिरायचा आणि माय मागून यायची. दिवसातून चार वेळा पट्टी बदलली, लुगड्याच्या आत जुन्या धोतराच्या घड्या ठेवल्या, कडुनिंबाच्या पाण्याने पुसलं, तरी तो होताच. माय स्वतः त्याला "ते" म्हणायची. "आज ते जास्त आहे," असं.

माहेर बिरसीकडचं. विमान चालवायला शिकवणारी शाळा तिथे नुकती सुरू झाली होती आणि दिवसभर डोक्यावरून एकच विमान घिरट्या घालत असायचं. त्या आवाजाखाली, शेजारच्या काकीच्या ओसरीत, गावातल्या आठ-दहा बाया बिड्या वळत बसत. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, दातात दोरा. मायची जागा खांबाजवळची. माझ्या जन्माआधीपासून ती तिथेच बसत होती. धानाच्या रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले, तर तिचं सगळं बोलणं, हसणं, भांडणं तिथेच व्हायचं.

एका दुपारी काकीच घरी आली. तिच्या हातात मायच्या वाट्याची पानं होती, ओल्या फडक्यात बांधलेली.

"घरीच बांध वो बाई आता," ती मायला म्हणाली. "तुले बसाले त्रास होते ना."

त्रास कोणाला होत होता ते दोघींनाही माहीत होतं. मायने पानं घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि तिथेच सुकू दिली. एकही बिडी वळली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती पडवीत खाटेवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"काय पाहिजे तुला?" मी विचारलं. मी असंच विचारते. उत्तर लिहिता यावं लागतं.

"मले तिथं बसाचं आहे," ती म्हणाली. "बाकी काई नाई. मराचं तं मरीन. पन तिथं बसून."

वहीच्या पहिल्या पानावर मी तेवढंच लिहिलं. खांबाजवळ बसायचं आहे.

आधीच्या दवाखान्यात आम्हाला सांगितलं होतं की आता शस्त्रक्रिया करण्यासारखं नाही, शेक पुन्हा देता येत नाही, घरी न्या, सेवा करा. माझ्या मोठ्या भावाने, आम्ही त्याला दादा म्हणतो, ते वाक्य तिथल्या तिथे कबूल केलं. तो वाईट माणूस नाही. मायला पाठीवर घेऊन जिने चढला आहे तो. पण त्याला निकाल आवडतो. निकाल लागला की तो शांत होतो.

मी शांत होत नाही. "सेवा म्हणजे काय काय करायचं ते सांग," मी त्याला म्हटलं. "लिहून घेते."

"सेवा म्हणजे सेवा."

"पट्टी बदलणं मी आधीच करून राहिली. पुढचं सांग."

मग मीच विचारत सुटले. अंगणवाडीच्या बैठकीत भेटणाऱ्या नर्सबाईंना विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, मायच्या जुन्या कागदांवर ज्यांच्या सह्या होत्या त्या प्रत्येकाला विचारलं. कोणाला विचारलं आणि काय उत्तर आलं हे दोन पानं भरून लिहिलं. दुसऱ्या पानाच्या खाली नागपूरच्या एका सर्जनचा पत्ता होता. कातडीवर आलेल्या कॅन्सरच्या गाठींवर ते विजेचे झटके आणि औषध मिळून एक उपचार करतात, असं कळलं होतं.

दादाला सांगितलं तर तो उठूनच उभा राहिला. "करंट? आपल्याकडे करंट कायले लावतेत मालूम आहे ना? रानडुकराले! आन् एखांद्या येळेस मानूसच मरते त्यात. तू मायले करंट लावतो म्हनते?"

पडवीतून मायचा आवाज आला. "डुक्कर मरते ना गा? पाहू मंग मी डुकरापेक्षा चिवट आहो का नाई."

आम्ही सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. आदल्या दिवशी ती माझ्याकडे कुडव्याला मुक्कामाला आली तेव्हा स्वतःचे तांदूळ पिशवीत घेऊन आली होती. लेकीच्या घरचं खायचं नाही, हा तिचा नियम कॅन्सरनेही मोडला नव्हता. मी तेच तांदूळ शिजवले. गॅस मात्र माझा होता, तेवढं तिने चालवून घेतलं.

सर्जन बारीक चणीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी कागदावर एक गोल काढला.

"ही पेशी. गाठ अशा असंख्य पेशींची असते. आमच्याकडे एक औषध आहे, आत शिरलं तर फार जोरदार. पण पेशीच्या भोवतीचं आवरण त्याला आत येऊच देत नाही. थोडंसं शिरतं, बाकी बाहेरच राहतं. म्हणून आम्ही औषध गाठीत टोचतो आणि लगेच विजेचे फार छोटे झटके देतो. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्याही कितीतरी कमी वेळाचे. त्याने आवरणाला क्षणभर बारीक भोकं पडतात, औषध आत जातं, भोकं बुजतात. औषध आत अडकतं."

"आणि चांगल्या कातडीचं काय?" मी विचारलं.

"औषध थोडं, तेही गाठीपुरतं. चांगली कातडी बरीचशी वाचते. पण हे शरीरात इतरत्र काही असेल त्याला पोहोचत नाही. ते आधीच सांगतो. हा उपचार इथे नवीन आहे, अभ्यास म्हणून करतो आहोत. तुम्ही नाही म्हणू शकता."

मायने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "उसन्या धानावानी आहे."

सर्जनना कळलं नाही. मी सांगितलं. आमच्याकडच्या राईस मिलमध्ये उसना तांदूळ करताना धान भिजवतात आणि वाफ देतात, त्याने कोंड्यातलं सत्त्व दाण्यात उतरतं. वाफ दिल्याशिवाय ते बाहेरच राहतं.

त्यांनी कागदावरच्या गोलाकडे पाहिलं. "हो," म्हणाले, "वीज म्हणजे वाफ. पुढच्या पेशंटला असंच सांगतो."

मग तपासणी. मी वही उघडली. गाठींना मी नंबर दिले होते, एक ते नऊ. छातीचं चित्र काढून त्यावर टिंबं, समोर माप, रंग, वाहते की कोरडी. चार नंबरची फुटलेली. सर्जननी प्रत्येक गाठ माझ्या चित्राशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी मायच्या गळ्याखाली, हाडाच्या जरा खालच्या बाजूला बोट नेलं. तिथे हिरवट काळ्या ठिपक्यांची ओळ होती.

"हे काय?"

"गोदना आहे," माय म्हणाली.

"गोंदण आहे सर," मी म्हटलं. "जुनं आहे. लहानपणापासून पाहते मी."

आणि ते खरंच होतं. मायच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते ठिपके मोजलेले आहेत. ते ओळखीचं आहे म्हणून मी त्याच्याकडे त्या दिवशी पाहिलंच नाही. सर्जननी बोट उचललं आणि पुढे गेले.

पोळा झाल्यावर पहिला उपचार झाला. मला आत थांबू दिलं. गाठीभोवतीची जागा बधिर केली, मायला थोडं गुंगीचं औषध दिलं, पण ती जागी होती. यंत्र छोटंच, आमच्या घरच्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरपेक्षा थोडं मोठं. त्याच्या वायरीच्या टोकाला मूठ, आणि मुठीला दोन रांगांत सुया. मायने ती पाहिली आणि हसली.

"ही तं गोदनारनीची सुई! तिची वाकडी राहते, तुमची रांगेत आहे."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एक नंबर. औषध टोचलं, सुया रोवल्या, यंत्र टिकटिकलं. प्रत्येक टिकटिकीला मायची छाती जाग्यावर उडायची. आठ वेळा. मग दोन नंबर. मी वहीत खुणा करत होते. चार नंबरला ती ओरडली, नंतर म्हणाली, "दुखलं नाई, दचकलो. बेडकावानी उडते ना सारं." नऊ नंबर झाल्यावर तिने विचारलं, "झालं?" आणि सर्जन "झालं" म्हणाले तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. तो कटाक्ष मी थकव्याच्या खात्यात टाकला.

मग माझे चांगले आठवडे सुरू झाले. माय माझ्याकडे राहिली होती आणि मी रोज लिहीत होते. आधी सूज, लाली. मग गाठी काळ्या पडल्या, वर खपली धरली. तिसऱ्या आठवड्यात चार नंबरचं वाहणं थांबलं. थांबलं म्हणजे थांबलं. पट्टी कोरडी निघाली. मी ती पट्टी नाकाशी धरली, मग नवऱ्याच्या नाकाशी धरली. तो म्हणाला, "काय करते हे?" मी म्हटलं, "सांग, आहे का?" तो म्हणाला, "नाही." मी वहीत लिहिलं, दोघांनी हुंगलं, वास नाही. एकेक खपली सुटली. खाली गुलाबी कातडी.

दादाला मी पान दाखवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "सुकाचंच होतं ते. मी कडूलिंबाचा पाला आनून दिला नव्हता का?"

"पाला तर तीन महिने लावत होतो. तेव्हा का नाही सुकलं?"

"टाइम लागते ना बाई."

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. माय अजून माझ्याकडेच होती. तिचं ब्लाऊज धुवायला घेतलं तर वरच्या बाजूला, गळ्याजवळ, पिवळट डाग. माझ्या चित्रात त्या जागी नंबर नव्हता. मी वही आणून बघितली, ब्लाऊज समोर धरून बघितलं. नव्हताच.

"पदर काढ," मी तिला म्हटलं.

"कायले?"

"काढ म्हणते ना."

गोंदणाच्या ओळीत तीन गाठी होत्या. बोरांएवढ्या. जुन्या ठिपक्यांभोवती नवे हिरवे ठिपके टोचलेले होते, फुलाच्या पाकळ्यांसारखे, आणि प्रत्येक फुलाच्या मध्ये एक गाठ. मधली चिरली होती.

"हे कधीचं?" मी विचारलं.

मग तिने सांगितलं. नागपूरला जाण्याच्या पंधरा दिवस आधी छत्तीसगडकडची गोदनारीण गावात आली होती. ती गुडघ्यावर, कमरेवर, दुखेल तिथे टोचून देते. दुखणं सुईच्या वाटेने बाहेर पडतं, असं म्हणतात. गळ्याखाली तीन नवे दाणे उठलेले मायला दिसले होते. तिने ते टोचून घेतले आणि भोवती फुलं काढून घेतली.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू लिहिलं असतं."

"मग? लिहायलाच पाहिजे होतं!"

"नऊ लिहिले तेवा दादानं वाचून दाखवलं घरात साऱ्यायले. नऊ झाले, नऊ झाले. मंग बारा झाले म्हनला असता." तिने पदर सारखा केला. "तू लिहिलं का ते पक्कं होऊन जाते."

मला तिच्यावर राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःवर. गोंदण आहे सर, जुनं आहे. सर्जननी बोट ठेवून विचारलं होतं. मी नीट वही ठेवणारी बाई, आणि मी न पाहता उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं. दहा, अकरा, बारा. माप, रंग, मधली ओली. आणि खाली लिहिलं, चूक माझी. मग माय ऐकेल अशा आवाजात म्हटलं की ही वही यापुढे दादाला दाखवणार नाही.

"खरंच?"

"तुला विचारल्याशिवाय कोणालाच नाही."

सर्जनसमोर मी आधी कबुली दिली. गाठींवर सुया टोचून घेतल्याबद्दल ते आधी मायवर चांगलेच रागावले, पुन्हा असं करायचं नाही असं त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं. मग पहिल्या तपासणीला काढलेला फोटो आणि मायची छाती, दोन्ही बराच वेळ पाहत राहिले.

"नऊ गाठींना झटके दिले, नऊ सुकल्या," ते म्हणाले. "तीन राहिल्या, तिन्ही वाढल्या. एकाच छातीवर, तेवढ्याच दिवसांत. असं मुद्दाम कोणी करणार नाही, करूही नये. पण बघा, किती स्पष्ट आहे."

"म्हंजे मीच तुमची परीक्षा घेतली," माय म्हणाली.

"घेतली. पास झालो का?"

"नऊत पास. तीन बाकी आहे."

गोंदियाला परतताना गाडीत मी विचार करत होते. दादाचा पाला बाराही गाठींजवळ होता. हवा, पाणी, तांदूळ, टाइम, सगळं बाराही गाठींना सारखं मिळालं होतं. तिघींना मिळालं नाही ते फक्त सर्जनचं औषध आणि वीज. माझ्या चुकीची किंमत मायने चिरलेल्या गाठीने दिली, हे मी विसरत नाही. पण त्या चुकीनेच मला असं उत्तर दिलं की त्यापुढे कोणाचाही पाला टिकत नाही. स्टेशनवर दादा घ्यायला आला होता. मायने होकार दिला तेव्हाच मी त्याला एवढं सांगितलं.

"मंग त्या तिघींले कवा लावतेत?" त्याने विचारलं.

"दिवाळीनंतर."

"मी येतो संगं."

दिवाळीनंतर दहा, अकरा, बारा नंबर झाले. दादा बाहेर बाकावर बसून होता. यंत्राची टिकटिक दाराबाहेर ऐकू जायची आणि प्रत्येक वेळी तो मान खाली घालायचा, असं नंतर त्यानेच सांगितलं. संक्रांतीपर्यंत तिन्ही फुलं आतून रिकामी झाली. ठिपके काही ठिकाणी पुसले, काही ठिकाणी राहिले.

एके दुपारी मायने सूप काढलं, झटकलं आणि मला म्हणाली, "चाल."

काकीच्या ओसरीत बाया बसल्या होत्या. खांबाजवळ दुसऱ्या एका बाईचं सूप होतं. माय तिथे जाऊन उभी राहिली. वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत बाया बिड्याच वळत राहिल्या.

मग काकी म्हणाली, "काऊन वो, तुले करंट लावला म्हनतेत. हात लावला तं आमाले शॉक बसल का?"

दोघी-तिघी हसल्या. मायने हात पुढे केला. "लावून पाह्य."

काकीने सूप खाली ठेवलं, हात फडक्याला पुसला आणि मायचा हात धरला. धरला आणि ओढलाच, जवळ, नाक मायच्या खांद्याशी येईल इतका जवळ. मला कळलं ती काय करते आहे. मायलाही कळलं. ती हलली नाही.

"सरक वो तिकडं," काकी खांबाजवळच्या बाईला म्हणाली.

माय पुढच्या दोन रोवण्या जगली. नंतर आजार छातीच्या आत, फुप्फुसात गेला, आणि तिथे ते यंत्र पोहोचत नव्हतं. सर्जननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते लिहून घेतलं होतं. ती गेली तेव्हा छाती कोरडी होती. शेवटची आंघोळ मी आणि काकीने घातली. बाहेर लोक जमले होते आणि लांबचा एक मामा दादाला म्हणत होता, "एवढं नागपूर केलं, करंट लावला, मंग फायदा काय झाला?"

मी उत्तर द्यायला वळले. मला पान नंबरसकट उत्तर पाठ होतं. पण काकी ओल्या हातानेच दारात गेली.

"फायदा?" ती म्हणाली. "मांगच्या सोमवारपर्यंत माह्या ओसरीत बसत होती ना गा. खांबाजवळ. मले विचार."